बाजारातील वस्तूचे आयुष्य आणि कांदिवलीचा ट्रॅक्टर

शेतकरी एखादे यंत्र, बियाणे वा औषध विकत घेतो तेव्हा तो त्याची किंमत पाहतो, काम पाहतो आणि शेजाऱ्याचा अनुभव विचारतो. परंतु ती वस्तू बाजारात नवी आहे की जुनी झाली आहे, तिचा खप वाढत आहे की ओसरत आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ही चौकशी व्यापाऱ्याने करावी, आपला तिच्याशी काय संबंध, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेला ट्रॅक्टर कारखान्याने तिसऱ्या वर्षी बंद केला, तर उरलेले हप्ते शेतकऱ्यालाच भरावे लागतात. सुटा भाग मिळविण्यासाठी पेरणीच्या दिवसांत तालुक्याला खेटे घालावे लागतात ते निराळेच. यास्तव बाजारशास्त्रात ज्याला वस्तूचे जीवनचक्र म्हणतात त्याची ओळख ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी करून घेणे व शेतकऱ्यांस करून देणे अगत्याचे आहे.

ही कल्पना थोडक्यात अशी. कोणतीही नवी वस्तू बाजारात आली म्हणजे प्रारंभी तिचा खप अल्प असतो. लोकांना तिची माहिती नसते, खात्री तर नसतेच. उत्पादकाचा खर्च मात्र मोठा असतो. कारखाना उभारणे, प्रात्यक्षिके करणे, विक्रेते नेमणे, मिस्त्री शिकवून तयार करणे हे सर्व विक्रीच्या आधी करावे लागते. ही आगमनाची अवस्था. वस्तू लोकांच्या पसंतीस उतरली तर खप झपाट्याने वाढू लागतो, एका नगामागील खर्च उतरतो, नफा दिसू लागतो आणि तो पाहून दुसरे कारखानदार त्या धंद्यात उतरतात. ही वाढीची अवस्था होय. पुढे ज्यांना ती वस्तू घ्यावयाची होती त्यांपैकी बहुतेकांनी ती घेतलेली असते. नवे गिऱ्हाईक थोडे, जुन्याच्या जागी नवी घेणारे अधिक, अशी स्थिती येते. मग किमतीची चढाओढ, सवलती, नवनवे प्रकार आणि जाहिराती यांना ऊत येतो. या परिपक्व अवस्थेत वस्तू पुष्कळ वर्षे राहू शकते. शेवटी तिच्याहून सरस काही निघते, किंवा गरजच बदलते, आणि खप उतरणीस लागतो. अमेरिकेतील बाजारशास्त्राचे अध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ साली या चार अवस्थांचे विवेचन एका प्रसिद्ध लेखात केले. तेव्हापासून ही मांडणी व्यापाराच्या अभ्यासक्रमात रूढ आहे.

याला चक्र म्हणतात खरे, पण चाक फिरून पुन्हा मूळ जागी येते तसे येथे होत नाही. आलेख काढला तर तो एखाद्या टेकडीसारखा दिसतो. एका बाजूने चढ, माथ्यावर सपाटी आणि दुसऱ्या बाजूने उतार. कांद्याचे भाव एका वर्षी चढतात व पुढील वर्षी कोसळतात, हा प्रकार निराळा आहे. चढत्या भावाला भुलून लागवड वाढते, माल जास्त येतो व भाव पडतो. पडलेल्या भावाने लागवड घटते व भाव पुन्हा चढतो. हे खरोखरच चक्र आहे. त्यात कांदा म्हातारा होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून प्रथमच हा भेद स्पष्ट केला.

विस्तारकार्य करणाऱ्यांना या मांडणीतील पहिला चढ अपरिचित नसावा, कारण त्याचा पहिला सांगोपांग अभ्यास शेतीतच झाला. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले, याचा शोध ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी घेतला. तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. १९२८ च्या सुमारास एखाद-दुसऱ्याने ते बियाणे पेरले, पहिली पाच वर्षे प्रगती मंद होती, मग ती एकाएकी वाढली आणि १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे घेतले होते. त्यांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण निर्णय मात्र त्यांनी शेजाऱ्याचे पीक पाहून घेतला. आयोवातच शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली याच धर्तीवर नव्या गोष्टींच्या प्रसारावर ग्रंथ लिहिला. आज कृषी महाविद्यालयांतून विस्तारशिक्षणात जे शिकवितात त्याचा बराचसा भाग तेथून आलेला आहे.

आपल्याकडे याचे जुने उदाहरण म्हणजे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो १९०३ साली बेळगावात तयार केला. लोखंडाने जमीन बिघडते, तिच्यात विष उतरते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. वस्तू चांगली असूनही आगमनाची अवस्था किती लांबू शकते, हे यावरून ध्यानात येईल. ती दोन वर्षे ज्याच्याने तग धरवत नाही त्याची चांगली वस्तूही बाजारातून नाहीशी होते.

आता आपण कांदिवलीकडे वळू. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील या ठिकाणी आज नांगरटीस जमीन शोधूनही सापडावयाची नाही. तथापि महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील असंख्य शेतांत चालणाऱ्या ट्रॅक्टरची परंपरा येथील आकुर्ली रस्त्यावरील कारखान्यातून सुरू झाली. १९६३ साली महिंद्र आणि महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी काढली. तिचा पहिला ट्रॅक्टर बी-२७५ हा होय. हा नमुना येथे आखलेला नव्हता. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील कारखान्यात तो १९५८ पासून तयार होत असे. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन व सुमारे ३५ अश्वशक्ती, असे त्याचे स्वरूप होते.

त्या काळी आपल्या देशात ट्रॅक्टर ही आगमनाच्या अवस्थेतील वस्तू होती. १९६१-६२ मध्ये देशात तयार झालेल्या ट्रॅक्टरांची संख्या अवघी ८८० होती. बाकीची गरज आयातीवर भागे. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गहू-भाताचे अधिक उत्पादन देणारे वाण आले, पाण्याची सोय वाढली, वेळेवर मशागत करण्याची निकड भासू लागली आणि मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली. नोंदणी करून वाट पाहावी लागे. येथे पुस्तकी आलेखात एक दुरुस्ती करावी लागते. टंचाईच्या काळात खपाचा आकडा लोकांची आवड दाखवीत नाही, कारखान्याची क्षमता दाखवितो. ज्याला जे मिळेल ते तो घेतो. अशा वेळी खराब वस्तूही खपते व वाढीच्या अवस्थेत असल्याचा भास होतो. खते वा बियाणे यांच्या टंचाईच्या हंगामात विक्रेत्याने ‘हा माल फार चालतो’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ लावताना हे ध्यानात असू द्यावे.

बी-२७५ च्या कथेतील खरे मर्म पुढे आहे. ब्रॅडफर्ड येथे त्याचे उत्पादन १९६८ च्या सुमारास थांबले. इंग्लंडच्या शेतकऱ्याला तोवर अधिक शक्तीचे, अधिक सोयीचे ट्रॅक्टर हवे होते. तेथील बाजारात त्याचा माथा ओलांडून झाला होता. त्याच वर्षी आपल्याकडे तो चढणीच्या पायथ्याशी होता. एकच यंत्र, तोच आराखडा, पण एका देशात वृद्ध आणि दुसऱ्या देशात तरुण. अर्थशास्त्रज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९६६ साली हीच गोष्ट जगाच्या व्यापाराला लावून दाखविली होती. त्यांच्या मते नवी वस्तू प्रथम श्रीमंत देशात जन्मते आणि ती जुनी होत गेली म्हणजे तिचे उत्पादन इतर देशांकडे सरकते. तेव्हा वस्तूचे वय पंचांगावरून ठरत नाही, बाजारावरून ठरते. पश्चिम महाराष्ट्रात सर्रास झालेले ठिबकाचे साहित्य एखाद्या डोंगरी तालुक्यात आजही आगमनाच्या अवस्थेत असू शकते, आणि तेथे प्रात्यक्षिकाचे काम पहिल्या दिवसापासूनच करावे लागते.

१९७७ साली ही कंपनी महिंद्र आणि महिंद्रमध्ये विलीन झाली व तिचा ट्रॅक्टर विभाग झाला. गंमत अशी की, ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून आराखडा आला तिला स्वतःचा शेती-अवजारांचा धंदा १९८५ साली विकून टाकावा लागला. मूळ उत्पादक गेला, वस्तूचा वंश मात्र राहिला.

वंश हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. आज विक्रीस असणाऱ्या ‘२७५ डी. आय.’ या नावाच्या ट्रॅक्टरात तीन सिलिंडरचे, इंधन थेट सिलिंडरात फवारणारे, सुमारे ३९ अश्वशक्तीचे इंजिन असते. म्हणजे बी-२७५ मधील इंजिन त्यात नाही. परंतु २७५ हा आकडा शेतकऱ्याच्या तोंडी बसला होता, त्या आकड्यावर विश्वास होता, म्हणून आतील यंत्र बदलले तरी आकडा ठेवण्यात आला. परिपक्व अवस्थेतील वस्तू उतरणीस लागू नये यासाठी उत्पादक जे उपाय करतात त्यांपैकी हा एक. इंधन कमी लागेल अशी सुधारणा करणे, उचलशक्ती वाढविणे, बैठक व वळणयंत्र सुखकर करणे, भातखाचरासाठी निराळा व वाहतुकीसाठी निराळा प्रकार काढणे, हे दुसरे. अशा सुधारणांमुळे टेकडीचा माथा रुंदावतो. शेतकऱ्याला यात लाभ आहे, कारण जुन्या ओळखीचे यंत्र दुरुस्त करणारा फिटर गावाजवळ असतो. पण एक सावधगिरी हवी. नाव तेच आहे म्हणून जुन्या यंत्राचे भाग नव्यास बसतील असे गृहीत धरू नये. पुस्तिकेतील भागक्रमांक पाहूनच खरेदी करावी.

वाढीचे स्वरूप कसे असते याची कल्पना एका हिशेबावरून यावी. १९६३ पासून पहिले दहा लाख ट्रॅक्टर होण्यास या उत्पादकाला २००४ साल उजाडले, म्हणजे एकेचाळीस वर्षे लागली. दुसरे दहा लाख २०१३ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांत झाले. तिसरे २०१९ मध्ये, सहा वर्षांत, आणि चौथे २०२४ मध्ये, पाच वर्षांत. अर्थात हे सर्व कांदिवलीत तयार झालेले नाहीत. नागपूर, रुद्रपूर, जयपूर, जहीराबाद असे कारखाने मागाहून जोडले गेले. शिवाय हा एका ट्रॅक्टरचा नव्हे, अनेक नमुन्यांचा एकत्र हिशेब आहे. या हिशेबात एक नमुना मावळतो त्या वेळी दुसरा उगवत असतो. बेरीज चढत राहते. नमुन्याचे आयुष्य आणि एकंदर ट्रॅक्टर या वस्तूचे आयुष्य यांत हा भेद न केल्यास ‘ट्रॅक्टरची मागणी वाढत आहे, मग माझा नमुना कसा बंद पडेल’ अशी चुकीची समजूत होते.

परिपक्व बाजाराची आणखी दोन लक्षणे याच इतिहासात दिसतात. एक म्हणजे गुणवत्तेची चढाओढ. या कंपनीच्या शेती-यंत्र विभागास २००३ साली जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. दुसरे म्हणजे धंद्यांचे एकत्रीकरण. ‘स्वराज’ हा ट्रॅक्टर दुर्गापूरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत आखला गेला व १९७४ पासून पंजाब ट्रॅक्टर्सने मोहालीत काढला. ती कंपनी २००७ साली महिंद्रने घेतली; स्वराज हे नाव मात्र स्वतंत्र राहिले. सर्वांचेच दैव असे नसते. सरकारी क्षेत्रातील एच. एम. टी.ने १९७१ पासून पिंजोर येथे झेटॉरच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले. दणकट यंत्र म्हणून त्यांचा लौकिक होता. परंतु धंदा तोट्यात गेला आणि २०१६ साली तो विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. कारखाना बंद झाला तरी शेतातील यंत्र लगेच बंद पडत नाही. त्याचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते. म्हणून उतरणीच्या अवस्थेचा भार विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यावर अधिक काळ राहतो.

नवी टेकडी कोठे उभी राहते हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. ज्या धारणक्षेत्रासाठी ३५-४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर योग्य होता ते क्षेत्रच आक्रसले. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत दोन ओळींमधून मोठे यंत्र जात नाही. तेथे १५ ते २५ अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर आले. ‘युवराज २१५’ हा १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर याच गरजेतून निघाला. उलटपक्षी मोठ्या यंत्रांवर कायद्याने परिणाम केला. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक मानक लागू झाले. त्यामुळे इंजिने महाग झाली आणि काही नमुन्यांना आपला आराखडा बदलणे भाग पडले. वस्तू केवळ गिऱ्हाइकाच्या नावडीने मरते असे नाही. शासनाच्या नियमानेही तिचे वय ठरते.

आतापर्यंत यंत्राविषयी लिहिले. शेतकरी स्वतः उत्पादकही आहे, आणि त्याच्या मालासही हाच नियम लागतो. डॉ. चीमा यांनी १९३६ साली पुण्यात निवडलेले डाळिंब पुढे ‘गणेश’ या नावाने प्रसारित झाले. मऊ बियांच्या या वाणाने राज्यातील कोरडवाहू भागात डाळिंबाचा व्यापार उभा केला. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ आला. त्याचे दाणे गडद लाल, साल जाड व चकचकीत, दूरच्या बाजारास टिकणारी. परदेशी गिऱ्हाइकाने त्याला उचलून धरले आणि गणेश मागे पडला. गणेशची चव बिघडली नव्हती. बाजाराची अपेक्षा बदलली होती. ज्यांनी गणेशच्या उतरत्या काळात नव्याने बाग लावली त्यांना फळ येईपर्यंत थांबावे लागले, आणि फळ आले तेव्हा भाव दुसऱ्या वाणास होता. फळबागेत ही चूक विशेष महाग पडते, कारण भाजीपाल्यासारखा पुढच्या हंगामात निर्णय फिरविता येत नाही.

बीटी कापसाचे उदाहरण याहून गंभीर आहे. केंद्र शासनाने त्यास २००२ साली परवानगी दिली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि दहा-बारा वर्षांत देशातील कापसाचे बहुतांश क्षेत्र त्याखाली गेले. इतका उभा चढ फार थोड्या वस्तूंनी पाहिला असेल. परंतु शेंदरी बोंडअळी त्या विषाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने मोठे नुकसान केले. येथे पुस्तकी नियमाप्रमाणे सरस वस्तू येऊन जुनी हटली असे झाले नाही. पर्याय तयार नसतानाच जुन्याचा गुण ओसरला. बियाण्याची पिशवी तीच, नाव तेच, खपही टिकून, पण अळी रोखण्याची शक्ती पूर्वीची नाही. खपाच्या आकड्यात ही उतरण दिसत नाही. ती प्रथम शेतातल्या बोंडात दिसते. म्हणून कामगंध सापळे लावून पतंगांची नोंद ठेवणे, हंगाम वेळेवर संपवून फरदड न घेणे आणि आश्रय-ओळी लावणे ही कामे कंटाळवाणी वाटली तरी बियाण्याचे बाजारातील आयुष्य खरोखर त्यांवरच अवलंबून असते. हे कोणत्याही जाहिरातीत सांगितलेले आढळणार नाही.

एखाद्या वस्तूची अवस्था ओळखताना एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. ट्रॅक्टरचाच दाखला घ्या. २०१३-१४ मध्ये देशात सव्वासहा लाखांवर ट्रॅक्टर खपले. पुढील दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि २०१५-१६ मध्ये हा आकडा पाच लाखांच्या खाली आला. कोणी म्हणाले असते की उतरण सुरू झाली. परंतु २०१८-१९ मध्ये खप पावणेआठ लाखांवर गेला. तसेच उलट दिशेने. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. अशा वेळी विक्री उसळली तर ती पुढे ढकललेली खरेदी असू शकते, वाढीची नवी अवस्था असेलच असे नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याला आपल्या भागापुरता आलेख काढता येतो आणि त्यासाठी मोठे साहित्य लागत नाही. वाहन नोंदणीचे कार्यालयवार व उत्पादकवार आकडे केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात. किमान पाच वर्षांचे आकडे घ्यावेत. दसरा, दिवाळी व गुढीपाडवा यांच्या आसपास नोंदणी वाढते, म्हणून ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी न करता मागील वर्षाच्या त्याच सणाच्या महिन्याशी करावी. नमुन्याचे आकडे तेथे मिळत नाहीत. ते विक्रेत्यास व गावच्या फिटरास विचारावेत, आणि दोघांच्या उत्तरांत फरक पडला तर फिटराचे अधिक ऐकावे. कोणत्या यंत्राचे भाग त्याला दुसऱ्या दिवशी मिळतात व कोणत्याचे पंधरा दिवस लागतात हे त्याला तोंडपाठ असते. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने तर सौदा ठरविण्यापूर्वी इंधन पंप, क्लच प्लेट व हायड्रॉलिकचे रबरी भाग या तीन वस्तूंची जवळच्या दुकानात किंमत विचारून यावी. ज्या नमुन्याचे हे भाग दुकानात फळीवर ठेवलेले असतात तो अजून माथ्यावर आहे. ज्याचे ‘मागवून देतो’ असे सांगितले जाते त्याची किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.